गुरुवारचा चहा

शनिवार-रविवारी परतवाड्यापासून गाड्यांची रांग,
घाटात हॉर्न, भीमकुंडापाशी कणसांचा धूर.
तेव्हा आम्ही चिखलदऱ्यात नसतोच म्हणा ना.
म्हणजे असतो,
पण कणीस, घोडा, चावी, चादर
यांच्या मागे कुठंतरी.

सोमवारी गाव खाली होतं.
मंगळवारी धुकं परत येतं,
माहेरी जाऊन आल्यासारखं.
बुधवारी मी टपाल वाटतो:
विजेची तीन बिलं, एक पासबुक,
आणि एखादं पत्र अशा बंगल्याचं
ज्याचं आता नुसतं फाटक उरलंय.
गुरुवारी चार वाजता पेरीनबाईंकडे चहा.

नियम एकच. पाहुण्यांबद्दल बोलायचं नाही.
त्यामुळे पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचंच नाही.
मग नईमोद्दीन घोडीचं काढायचा:
"बिजली म्हातारी झाली बाप्पा.
सूर्यास्ताच्या पॉइंटाकडं वळतच नाही,
सवारीसकट घरी जाते."
हिरूजी हेकडे खव्याचा द्रोण मधे सरकवायचे.
उमप मास्तर हजेरी सांगायचे:
पटावर एकवीस, वर्गात अकरा,
आणि उरलेले दहा कुठं, हे सांगितलं
तर नियम मोडायचा, म्हणून चष्मा पुसायचे.

परसात कॉफीची झाडं होती, पण प्यायचा चहाच.
"कॉफी विकायची असते," बाई म्हणायच्या,
आणि साखर स्वतः घालायच्या,
कुणाला किती, न विचारता. चुकायच्या सुद्धा.

फुलकाय कासदेकर पायरीवर बसायची.
दर गुरुवारी बाई म्हणायच्या, "फुलकाय, खुर्चीवर."
दर गुरुवारी ती म्हणायची, "खुर्ची हालते."
हालत नव्हती.
शेवटी बाईंनी सुतार बोलावला.
त्यानं एक पाय अर्धा इंच कापला
आणि त्या दिवसापासून खुर्ची खरंच हालायला लागली.
फुलकाय एवढी हसली
की तिच्या कपातला चहा मास्तरांच्या धोतरावर.

बाई गेल्या त्या आठवड्यात गुरुवार आलाच.
भाच्यानं पुण्याहून येऊन कुलूप घातलं होतं.
चहा कुणी करायचा, काही ठरलं नव्हतं,
म्हणून चौघांनी चार थर्मास आणले.
पायरीवर बसून चारही संपवले.
रात्रभर झोप नाही कुणाला.

तीन वर्षं पायरी आमची.
मग तारेचं कुंपण, मग दिवे,
मग फाटकावर पाटी:
'हेरिटेज हाय-टी, माणशी साडेचारशे.'
चहा ओतायला फुलकायला ठेवलं.
पांढरा एप्रन, डोक्याला फीत.
साप्ताहिक सुट्टी कोणती, मॅनेजरनं विचारलं.
"गुरुवार."
"उपास असतो का?"
"हो," ती म्हणाली. "कडक."

आता आम्ही कुंपणाबाहेर, पुलियावर.
बंगल्याच्या व्हरांड्यातून पाहुणे फोन उचलतात,
धुक्यात बसलेली पाच माणसं टिपायला.
फोटोत काय येत असेल, कोण जाणे.
नईमोद्दीन काही बोलणार होता,
हिरूजींनी नुसतं बोट वर केलं. नियम.

परवा भंगारवाल्याच्या टेम्पोत
मास्तरांना ती खुर्ची दिसली.
चाळीस रुपये देऊन डोक्यावर घेऊन आले,
चढ चढून, टोपी खिशात कोंबून.
पुलियाच्या दगडावर ठेवली,
तिथं एका बाजूला दगड जरा उंच आहे.
अर्धा इंचच असावा.
फुलकायनं पाठीवर हात ठेवून दाबून पाहिलं,
इकडून, तिकडून.
खुर्ची ढिम्म.
"आता?" मास्तर म्हणाले.

तिनं खुर्चीवर थर्मास ठेवला
आणि दगडावर बसली.