एकतिसावं घर

टामालेच्या बाजारात, टायरवाल्याला लागून
माझी पिवळी छत्री, एक खुर्ची, दोन फोन.
अक्राला तीन दिवस शिकून आले मी:
भिंतीवर उजेडाची चित्रं, दुपारी कोंबडी-भात,
शेवटी एक कागद, की राशिदा
लोकांना पैशाचं समजावून सांगू शकते.

नाही शकत.
मेमुनातू फोन पुढे करते. "वाच."
वाचते. मंजूर. दोनशे सेडी.
प्रक्रिया शुल्क वजा जाता. मुदत तीस दिवस.
"हे कुठल्या गावचं बोलणं?" ती विचारते,
आणि माझ्याकडे दुसरं गाव नसतं.

तेवढ्यात फुसेनीकाका सायकल टेकवतो.
बावीस वर्षं, याच वेळेला.
बायकांकडून रोजचे दहा घ्यायचे,
निळ्या कार्डावरच्या एका घरात सही करायची.
एकतीस घरं भरली की तिसांचे पैसे परत.
एक घर त्याचं.

"सरक पोरी," म्हणतो,
आणि मेमुनातूच्या परातीतले शियाच्या लोण्याचे गोळे
फळीवर मांडायला लागतो.
"एक गोळा दहाचा. वीस मोज.
हे फोन म्हणतो, तुला दिले.
आता एक उचल. दुसरा अर्ध्याला जरा कमी तोड."
ती अंगठ्याने तोडते.
"एवढं त्याने देण्याआधीच खाल्लं.
फेडायचे मात्र वीसच्या वीस."

"म्हणजे हातात पडलंच नाही, तेही फेडू?"
"तेही."

मला वाटलं, झालं.
माझे तीन दिवस, माझा कोंबडी-भात
वीस गोळ्यांत आटोपला.

पण ती फळीवरून हलली नाही.
परातीतले उरलेले सहा काढले,
शेजारच्या सनातूकडून पाच उसने आणले,
ओळीने लावले. एकतीस.
"आता हे तुझं कार्ड."
शेवटचा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला.
"फोन मला त्याचे देतो आणि खातो.
तू माझेच घेतोस आणि खातोस.
आणि पहिल्या दिवसाचा गोळा तुझ्याकडे महिनाभर राहतो,
शेवटचा एकच रात्र.
भाडं दोघांना सारखंच कसं?"

काका म्हणाला, ऊन असतं.
मग म्हणाला, सायकलची ट्यूब.
मग काही म्हणाला नाही.

"धाकट्याला ताप होता," तीच म्हणाली,
"तू बाराव्या दिवशी कार्ड मोडून दिलंस, मध्यरात्री.
विसरले नाही मी.
तो ताप धरून सांग, किती होतात?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.
मी आकडेमोड केली, दोनदा.
टक्के जिभेवर आले होते, ते गिळले.
"काका, तुमचंही जवळजवळ फोनइतकंच.
थोडं कमी.
ताप यात कुठे धरायचा, ते मला शिकवलं नाही."

टायरवाला हसला. कोणी त्याला साथ दिली नाही.

मेमुनातू मनाशी पुटपुटत होती:
पोतं आज घेतलं तर आजचा भाव,
लोणी काढून विकलं की साठ सुटतील,
चौदा याचे गेले, सेहेचाळीस राहिले.
"घेते," म्हणाली.
मी म्हटलं, "आत्ता तर..."
"आत्ता कळलं, म्हणूनच घेते."
तेलकट बोटांनी गुप्त आकडे दाबले;
पडदा घसरत होता, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा लागले.

मग कमरेच्या गाठीतून दहाची नोट काढून
काकापुढे धरली, रोजच्यासारखी.
त्याने घेतली. सही केली. हात पुसायचा राहिला होता.

कार्ड तिने उन्हात धरलं.
शेवटच्या घरावर त्याच्या अंगठ्याएवढा डाग,
आणि तिथे कागद आरपार झालेला:
पलीकडे टायर दिसत होते, सायकलचा दांडा,
आणि फळीवरचे गोळे, कडेने सैल होत चाललेले,
त्यातले पाच सनातूचे.