तीनची कूस

रात्रपाळीत दर दोन तासांनी
येफिमला कुशीवर वळवायचं असतं.
आधी सांगायचं, "येफिम, आता डावीकडे."
मग खांदा, कंबर, गुडघ्यांमध्ये उशी,
फाइलीत वेळ, आणि खाली माझं नाव, लेलो.

सांगायचं, असा नियम नाही.
माझ्या आधीची मिल्वी सांगायची, म्हणून मी सांगते.
चौदा महिन्यांत त्याने एकदाही हूं म्हटलेलं नाही.
डोळे सकाळी उघडतात, रात्री मिटतात.
मोठे डॉक्टर म्हणतात, जाग आहे, जाणीव नाही.
जाग आणि जाणीव यांच्यामध्ये केवढी जागा असते
हे मी त्यांना विचारलं नाही.
एक खाट मावेल एवढी असावी.

बुधवारी मी ध्यानाला जाते,
तार्तूतल्या जुन्या शाळेच्या व्यायामशाळेत,
भिंतींना अजून चढायच्या शिड्या आहेत.
शिकवणारी आन्नेली म्हणते, श्वास बघा.
मग म्हणते, जी बघते आहे तिला बघा.
मी बघायला जाते तर तिथे कुणी नसतं,
नुसती गुडघ्यातली कळ
आणि भरायचं राहिलेलं वीजबिल.
ती म्हणते, छान! कांदा सोलत जा,
पापुद्र्यामागे पापुद्रा, शेवटी हातात काही उरत नाही.
सगळे डोळे मिटून हसतात.
मला येफिम आठवतो.
त्याच्याही आत कुणी नाही म्हणतात
आणि त्याला कुणी छान म्हणत नाही.

फेब्रुवारीत त्याची बहीण आली, अकुलिना,
पेइप्सी तळ्याच्या काठावरून, दोन बस बदलून,
डोक्याला रुमाल, पिशवीत कांद्यांची वेणी.
चाळीस वर्षं दोघांनी एकाच वाफ्यात कांदे लावले.
वॉर्डात उग्र वासाचं काही आणायचं नसतं.
मी दार लावून घेतलं.
तिने खिशातल्या चाकूने कांदा चिरला
आणि अर्धी फोड त्याच्या नाकाशी धरली.

थोड्या वेळाने त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं.
"बघ," ती म्हणाली, "ओळखलं त्यानं."
तिच्याही डोळ्यांतून येत होतं. माझ्याही.
तीन माणसं, एक कांदा,
आणि कुणाचं पाणी कशाचं
हे सांगेल असं यंत्र त्या मजल्यावर नव्हतं.

मी तिला आन्नेलीचं सांगितलं,
सोलत गेलं की काही उरत नाही म्हणून.
बाजारात कांदा दाबदाबून बघणाऱ्या शहरी बाईकडे बघावं
तसं तिने माझ्याकडे बघितलं.
"सोलून कशाला बघायचा?
चुलीमागे ठेव दोन महिने.
मग कोंब कुठून येतो ते मला सांग."

मला सांगता आलं नाही.
येफिमला काही कोंब फुटला नाही, हेही सांगायला हवं.
मार्च गेला, तळ्यावरचा बर्फ तडकला म्हणे,
तो तसाच.

आता जे सांगायचं होतं ते.
एका रात्री तीनच्या आधी मी खुर्चीत झोपले.
जाग आली तेव्हा चार वाजून दहा.
वळवला तर त्याच्या कमरेवर
कांद्याच्या चकतीएवढं लाल वर्तुळ.
फाइलीत मी लिहिलं, तीन.
कॅमेरा नाही, मोठ्या सिस्टर घरी,
आणि ज्याची कूस चुकली
तो डॉक्टरांच्या मते तिथे नव्हताच.
मग खोटं मी बोलले कुणाशी?

पेन खाली ठेवलं, हाताला घाम.
आन्नेली, जी बघते आहे ती
मला तेव्हा सापडली.
व्यायामशाळेत नाही,
तीनच्या आकड्याची शेपटी ओढताना.

फाइलीत खाडाखोड करायची नसते. मी केली.
तीनवर एक रेघ, शेजारी चार दहा, खाली नाव.
सकाळी बोलणी खाल्ली, ती खाण्यासारखी होतीच.

पण त्याआधी, अंधारात, वाकून म्हटलं,
"येफिम, चुकलं माझं."
आणि थांबले,
माणसाला उत्तर द्यायला लागतो तेवढा वेळ.
बाहेर कुणीतरी बर्फ खरवडत होतं.

आता सहा वाजलेत.
"येफिम, उजवीकडे."