गळत नाहीत

माझा बाप मेंढ्या कातरायचा,
दिवसाला दीडशे, पाठीची कमान होईस्तोवर.
मी कुत्री कातरते, बॅलरॅटच्या मागच्या गल्लीत,
लॉन्ड्री आणि टायरवाल्याच्या मध्ये.
पाठ तीच.

सोमवारी मोचा आला. चौदा महिन्यांचा.
आई लॅब्रडॉर, बाप पूडल,
साडेचार हजार डॉलर.
हल्ली जात कुणी विचारत नाही, टक्के विचारतात.
अलॅना म्हणाली, नोरीन, याचे केस गळत नाहीत,
म्हणून तर घेतला,
आमच्या जॅस्परला दमा आहे ना.

गळत नाहीत, खरंय.
पण मग जात नाहीत कुठे.
उन्हाळ्यातला केस हिवाळ्यातल्या केसाला धरून बसतो,
त्यात चिखल, त्यात लाळ, त्यात लाड.
मशीन लावलं तर पातं अडकलं.
काखेत गवताचं कुसळ, मांसात शिरलेलं.
कानामागे कुणाचं तरी जांभळं रबरबँड.
कातरला नाही, सोललाच म्हणायचं.
सगळा अंगरखा एका तुकड्यात निघाला
आणि टेबलावर पडून राहिला, कुत्र्याच्या आकारात.
शेजारी काहीतरी गुलाबी, थरथरणारं.
अलॅना रडली. हा आमचा मोचा नाही, म्हणाली.
तिच्यामागे जॅस्पर शिंकला.
दोनदा.

बाप सांगायचा, रानातली मेंढी
आपली आपण लोकर टाकायची, काट्याकुट्यांना घासून.
आपण निवडत गेलो न टाकणारी.
आता कातरली नाही तर
स्वतःच्याच ओझ्याखाली उन्हात मरते.
हे सांगताना त्याला वाईट वाटत नसे.
आमचं घर त्या लोकरीवर उभं होतं.

म्हणून मी फारसं बोलत नाही.
शुद्ध रक्ताच्या बाजूने तर मुळीच नाही.
शुद्ध बुलडॉगही येतो माझ्याकडे,
बसल्या जागी धापा टाकतो,
मालकाच्या फोनमध्ये त्याच्या आजोबाचा फोटो, चषकासह.
आणि मी तरी कोण?
बापाचा बाप कॉर्नवॉलचा खाणकामगार, आई माल्टाची.
आमची मिसळण नाचाच्या हॉलमध्ये झाली.
कुणी वही घेऊन उभं नव्हतं.
कुणी आईला धरून ठेवलं नव्हतं.

गुरुवारी डेस्मंड लॉकयर आला.
ही पिल्लं त्याच्याच शेडमधली, गावाला ठाऊक आहे.
वाईट माणूस नाही.
पुरात माझी गाडी त्यानेच ओढून काढली होती.
सोबत पिवळी लॅब्रडॉर, थानं लोंबून जमिनीला टेकलेली.
नखं तेवढी कापायची होती. वळून तळव्यात रुतलेली.
जाळीवर उभं राहून नखं झिजत नाहीत.
वहीत लिहायला नाव विचारलं.
त्याने पट्ट्यावरचा बिल्ला उलटून पाहिला.
सत्तावीस, म्हणाला.
मग ओशाळून, ही आता रिटायर. कुणी नेतंय का बघतो.
किती वेतं झाली, मी विचारलं नाही.
पंजा मागितला, तर दिला तिने,
सवय झालेलं जनावर देतं तसा,
मागेल त्याला, मागेल ते.

डोळे मोचाचे. म्हणजे मोचाचे डोळे हिचे.

बारा डॉलर झाले. सुटे नव्हते, राहू दे म्हटलं,
आणि नंतर दिवसभर स्वतःवर चिडले, का राहू दे.
दाराबाहेर पदपथाला लागून गवताची पट्टी आहे,
असेल तीनेक फूट.
तिच्या कडेला ती थांबली.
एक पाय टाकला. उचलून घेतला.
पुन्हा टाकला.
डेस्मंड दोरी धरून उभा होता. ओढली नाही त्याने.
मी काचेतून बघत होते
आणि आत टेबलावर कुणाचा तरी शिट्झू ओला, वाट बघत.

रात्री पाहिलं, एप्रन पिवळ्या केसांनी भरलेला.
हिचे गळतात.
झटकला, ब्रश मारला, चिकटपट्टी लावून ओढली,
गरम पाण्यात धुवायला टाकला.
शनिवारी घातला,
तर मानेजवळ काहीतरी टोचत होतं.