टाचणी उजव्या अंगाने

भुंग्याला टाचणी उजव्या कवचातून.
ढेकण्याला पाठीवरच्या त्रिकोणात, जरा उजवीकडे.
फुलपाखराला तेवढी मधोमध.
दापोलीच्या पहिल्या सत्रात हात एवढं शिकले.

पेटीत पन्नास हवे होते. एकोणपन्नास झाले
तेव्हा डांबरगोळ्यांचा वास केसांत घेऊन
चतुर्थीला वेंगुर्ल्याला उतरले.

तातूमामा माडावरून खाली आला.
आकडीच्या टोकाला गेंड्या भुंगा,
पाय अजून हवेत चालत होते.
“ह्येचां नाव काय तुमच्यात?”
ओरिक्टिस ऱ्हायनोसेरॉस, मी म्हटलं,
वर्गात म्हणतात तसं, न अडखळता.
मामा हसला नाही.
“पाच माड खाल्ल्यान.
येवढां मोठां नाव होयाच.”

परीक्षेच्या दिवशी सरांनी भिंग धरलं.
डावीकडून?
आकडी तिथूनच गेली होती, सर.
दुसरं भोक पाडावंसं वाटलं नाही.

अर्धा गुण गेला.
खालची चिठ्ठी त्यांनी वाचली की नाही, कोण जाणे.
झाड: माड. सहावा, अजून उभा.
गोळा करणारा: तातू आरोलकर.