तासांचा रकाना

शहापुरात, मागाच्या दुकानावरची खोली, ते माझं ऑफिस.
खाली धोटा पळतो दिवसभर,
वर बसून मी जगाला सांगते: थोडं फुकट काम करा.
मला याचा पगार मिळतो.
आधीच सांगून टाकलेलं बरं.

सोळा देश, अकरा भाषा, तारीख एक: पाच डिसेंबर.
रात्री साडेनऊला पडद्यावर चौकटी उजळतात.
बॉनहून उर्सुला, किसुमूहून अचिएंग,
ला पाझचा एवारिस्तो, ज्याचं दुपारचं जेवण व्हायचंय अजून.
माझ्यामागे भिंतीवर कन्नड कॅलेंडर,
त्यावर मराठीत दुधाचा हिशेब.

उर्सुला विचारते, या कामाला तुमच्याकडचा शब्द कोणता?
स्वयंसेवक म्हणावं, तर छातीवर बिल्ला लागतो, तोंडात शिटी.
श्रमदान म्हणावं, तर नवंकोरं फावडं धरून
कॅमेऱ्याकडे बघणारे साहेब आठवतात.
मी म्हटलं, आठवडा द्या.

नंदगडच्या पुढे, बस परत फिरते तिथून पायी.
ओढ्यावर दरसाल साकव घालतात हे ऐकलं होतं.
बांबू, वेली, घरटी एक माणूस.
मोहिमेला फोटो हवा होता.
भावकाण्णा ओढ्यात उभा राहूनच हसला,
"घोट्याएवढं पाणी हाय, बाई.
साकव मे महिन्यात. आता कुणासाठी घालायचा? फोटूसाठी?"

मी फॉर्म काढला. नाव. वय. राज्य.
राज्यापाशी सगळे जरा गप्प झाले.
इनास म्हणाला, "काल जे हुतं तेच लिवा की."

पुढचा रकाना: स्वयंसेवेचे एकूण तास.
जनक्का भात झोडत होती, ती थांबली नाही.
"तास कशाला मोजायचे? तास मोजलं की मजुरी झाली.
आमी माणसं मोजतो. कुणाच्या घरचं आलं न्हाई, तेवढंच."
आणि नाही आलं तर? दंड?
"दंड कसला?
त्या घरात काय झालंय ते बघून येतो."

पेंढी आपटली. कोंडा उडाला माझ्या फॉर्मवर.

याला म्हणता काय तुम्ही?
"पैरा," ती म्हणाली.
"मुय्यी," तिची बैलहोंगलची सून म्हणाली, त्याच क्षणी,
आणि दोघी हसल्या,
फडताळातल्या एकाच डब्याला दोघींचा हात लागावा तशा.
मग मला जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी.
पैसे काढले तर जनक्काने माझी पर्स स्वतःच मिटवली.

पुढच्या बैठकीत सांगितलं.
अचिएंग म्हणाली, आमच्याकडे सागा.
एवारिस्तो म्हणाला, आयनी, तोंडात घास होता.
उर्सुला बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, आजीच्या गावी एक शब्द होता,
कुणाचं छप्पर चढवायचं असलं की,
आणि ती तो शब्द म्हणाली, आणि त्याच वेळी शहापुरातले दिवे गेले.
मी तो ऐकला नाही.
अजून विचारलेला नाही.

तासांचा रकाना मी रिकामा ठेवला. संगणकाने घेतला नाही.
शून्य टाकलं. तेही नाही.
शेवटी एक टाकला.
मार्चमध्ये बॉनहून पत्र आलं:
बेळगाव विभागाचे आकडे निराशाजनक आहेत,
कारणे कळवावीत.
कारणे कळवायची म्हणून तीन वेळा बसले,
तीन वेळा चहा करून प्यायले.

काल भावकाण्णाचा निरोप आला, आवाजात वारा होता:
"मंगळवारी साकव. घरटी एक माणूस."
इतकंच. फोन ठेवून दिला.
माझ्या घरी मोजून एकच माणूस आहे.
आणि त्यांची एक भाकरी माझ्या अंगावर आहे.

रजेचा अर्ज भरला. कारण: घरगुती.
प्रकार: बिनपगारी.
बांबू मला उचलेल असं वाटत नाही.
दोर धरीन.