हद्द

बामणोलीच्या धक्क्यापासून अर्ध्या कोसावर शिट्टी वाजली.
मी इंजिन बंद केलं.
इंजिन बंद म्हणजे लाँच थांबली असं नाही,
पाण्यावर ती आपली सरकत राहते.
मुळीक हवालदार जमिनीवरचे. ओरडले,
थांब म्हटलं ना!

जॅकेटं मोजली. अकरा.
माणसं बारा.
खोटं कशाला बोलू, बारावं उंदरांनी कुरतडलंय,
घरी खुंटीला आहे.
पावती फाडा म्हणालो, ते तुमचं कामच.
लायसन दाखवलं, दोरी दाखवली, हवेची ट्यूब,
पाणी उपसायचा डबा.
डबा त्यांनी उलटा करूनही पाहिला.

मग बोट वळलं गजराकाकूंच्या मांडीवरच्या पिशवीकडे.
ह्यात काय?
पिशवी हलली.
काकूंनी तिच्यावर पदर ओढला.

कशापायी, मी विचारलं. हळूच.
माणूस तरेल का एवढं बघायला शिट्टी मारलीत ना?
मग तरण्याचं बघा.
संशय असेल तर संशय सांगा,
सांगा आणि वहीत लिहा, वेळेसकट.
नुसतं कुतूहल असेल
तर ते धक्क्यावर, चहाबरोबर.
(साहेबांच्या अंगात जॅकेट नव्हतं.
ते मात्र मी बोललो नाही.)

ही माझी हद्द आहे, साहेब म्हणाले.

असेल.
आमची चावडी इथंच कुठंतरी आहे, वीस पुरुष खाली,
ती काही वर येत नाही.
मे महिन्यात काठाकडं शिवेचा दगड तेवढा डोकं काढतो,
आजा त्याला शेंदूर लावायचा,
बाप लावायचा,
मी लाँच बांधतो.
आषाढात तोही जातो,
मग जावळी कुठं संपली
ते माशाला विचारा.

बोलता बोलता वारा पडला नव्हता.
त्यांची होडी, माझी लाँच,
दोन्ही एकमेकींना धरून
केव्हाच्या वाहत निघालेल्या.

साहेबांनी पावतीपुस्तक गुडघ्यावर घेतलं.
नाव लिहिलं. तारीख लिहिली.
'स्थळ' छापलंय त्यापुढं पेन टेकवून
ह्या डोंगराकडं पाहिलं, त्या डोंगराकडं पाहिलं.
कुठं आलो रे आपण?

देवळावर, गजराकाकू म्हणाल्या.

आणि पिशवीतली कोंबडी ओरडली,
कुणी न विचारता.

दंड भरला मी, एका जॅकेटाचा.
पावती अजून आहे.
स्थळ कोरं.