चुका

सखाहरी आगवणे यांनी बूट उलटा केला,
टाचेवरून अंगठा फिरवला
आणि विचारलं, "हे कुणी केलं?"
जणू बुटाला कुणी मारलं होतं.

ठक्कर बाप्पा कॉलनी, तिसरी गल्ली, दुपारचे तीन.
चामड्याचा आणि सोल्यूशनचा वास इतका दाट
की बोलताना जिभेवर येत होता.
"बायकांचा बूट, आणि तळाला एवढ्या चुका?"

चूक म्हणजे बारका खिळा.
त्यांच्या धंद्यात ती मोजून मारतात.

नाचायचा आहे, म्हटलं. स्पेनमधला. सेविया म्हणून गाव आहे.
"मग घुंगरू?"
घुंगरू नसतात. चुकाच वाजतात.
ते हसले नाहीत. आरी खाली ठेवली.
मग सांगणं आलंच.

सहलीत आम्ही एकोणचाळीस, पुढे पिवळी झेंडीवाला,
आमटी-भात मिळणार म्हणून सगळे साडेसातलाच हॉटेलात.
मी डोकं दुखतंय म्हणाले आणि पूल ओलांडला.
पलीकडे कडू संत्र्यांची झाडं,
कुणी न खाल्लेली फळं फरसबंदीवर फुटलेली.
एका चौकात पंधरा खुर्च्या, चार फळ्या,
आणि गाणारा अगदी आमच्या झेरॉक्सवाल्यासारखा, पोट सुटलेला.
त्यानं तोंड उघडलं तेव्हा वाटलं,
याला आत्ताच घरून फोन आलाय.
शब्द कळेना. फक्त "आय" म्हणायचा, लांबवून,
श्वास संपेपर्यंत, संपल्यावरही.

"आय?" आगवणे म्हणाले.
"आमच्याकडं आईला म्हणतात."

मग एक म्हातारी उठली.
स्वेटर काढला, घडी घालून खुर्चीवर ठेवला.
बराच वेळ काहीच केलं नाही तिनं.
मग एक टाच. थांबली. दुसरी.
लहानपणी नाचाच्या बाई ओरडायच्या, हास गं, हास,
ही हसलीच नाही.
जमिनीकडं जुनी बाकी होती तिची
आणि ती व्याजासकट मागत होती.

माझीही असेल थोडी.
म्हणून बावन्नाव्या वर्षी दर मंगळवारी वांद्र्याला,
बेकरीच्या माडीवर, माझ्या निम्म्या वयाची क्लॅरिस शिकवते.
घरी सराव केला की खालचे वैशंपायन
झाडूच्या दांड्यानं छत ठोकतात,
नेमके दोन मात्रांच्या मधे.

आगवण्यांनी तीन पायांच्या ऐरणीवर बूट चढवला,
तोंडात चार चुका धरल्या, एकेक काढून ठोकली.
मग दोन्ही बुटांत हात घातले, कोपरापर्यंत काळे हात,
आणि समोरच्या फळीवर टेकवले.
"कसं वाजतं ते सांगा."

बारा मोजायचे, म्हटलं,
पण जोर सगळ्यांवर नाही.
तीनवर. सहावर. मग आठ, दहा, बारा.
पहिल्यांदा ते सातवर घसरले.
दुसऱ्यांदा दहानंतर अडकले,
"हां हां, थांबा" म्हणाले, माझ्याकडं न बघता.
तिसऱ्यांदा फळी बोलली.

शेजारच्या टपरीत सोल ठोकणारा पोरगा थांबला.
ऐकलं त्यानं. पुन्हा हातोडी उचलली
आणि रिकाम्या जागा शोधून शोधून
तिथंच मारू लागला.
समोर कुणी पट्टे कापत होतं, तेही आत आलं,
कात्रीचं ते करकर, बारावर बंद.
मला फोन काढावासा वाटला. हात वर गेला नाही.
गल्लीत एक टेम्पो उगाच उभा राहिला,
आणि आगवण्यांचे हात
पायांसारखे, म्हातारीच्या पायांसारखे,
काहीतरी मागत राहिले फळीकडं.
शेवटच्या ठोक्यावर आतून कुणीतरी ओरडलं,
"आयला!"

तिथं, त्या चौकात, वेगळं काही म्हणाले होते लोक.
अर्थ तोच असावा.

हात बाहेर काढून त्यांनी पंज्यानं घाम पुसला,
जरा लाजल्यासारखे झाले.
"साठ रुपये द्या.
चार नव्या मारल्यात.
जुन्या चुका नाही काढल्या,
बसल्यात त्या आता."